औषधे, रुग्णशिक्षण आणि प्राधान्यक्रम : परिचर्या सराव प्रश्नसंचाच्या कामाच्या नोंदी

९ जून २०२५

सराव प्रश्नसंचाचे काम आजपासून हाती घेतले. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचे आणि जीएनएमच्या (परिचर्येच्या पदविकेच्या) तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हा या संचाचा मुख्य वाचकवर्ग असून, त्यांतील बरेच जण पुढे राज्याच्या अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) भरतीला किंवा एम्सच्या नॉरसेट या परिचारिका भरती परीक्षेला बसणार आहेत. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर सध्या जे संच फिरतात ते बहुतांशी अमेरिकी पुस्तकांवरून उतरवलेले आहेत. त्यांतील औषधशास्त्र बरोबर असते, परंतु त्यांतील रुग्ण इथला नसतो. तो छातीत दुखले की ९११ ला फोन करतो, त्याच्या घरी फ्रिज असतो, त्याला घरी येऊन तपासणारी नर्स असते आणि औषधाच्या बाटलीवरची सूचना तो स्वतः वाचू शकतो. औषधाची मात्रा विचारणाऱ्या प्रश्नात यामुळे काही बिघडत नाही. मात्र घरी जाणाऱ्या रुग्णाला काय सांगावे, असा प्रश्न असेल, तर उत्तर औषधाइतकेच त्याच्या घरावरही अवलंबून असते आणि रुग्ण बदलला की पूर्वी बरोबर असलेला पर्याय चुकीचा ठरू शकतो. तेव्हा जुने प्रश्न भाषांतरित करायचे नाहीत, रुग्ण इथला घेऊन प्रश्न मुळापासून लिहायचे, असे आम्ही ठरवले.

स्पष्टीकरण मराठीत राहील आणि औषधांची नावे वॉर्डात उच्चारली जातात तशीच देवनागरीत येतील. नॉरसेटमध्ये चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा होतो, त्यामुळे बरोबर पर्याय का बरोबर हे सांगून भागणार नाही. उरलेले तीन पर्याय विद्यार्थ्याला का खुणावतात आणि तरी ते का मागे पडतात, हेही प्रत्येक प्रश्नाखाली लिहावे लागेल. कामाचा मोठा वेळ यातच जाणार हे आताच दिसते आहे.

१४ जून

इन्सुलिनपासून सुरुवात केली. परदेशी संचांत १०० युनिट प्रति मिलिलिटर हे एकच प्रमाण गृहीत धरलेले असते. आपल्याकडे ४० युनिट प्रति मिलिलिटरच्या शिशा सर्रास मिळतात, तर पेनची काडतुसे आणि काही शिशा १०० च्या असतात. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज आणि १०० साठी नारिंगी टोपणाची. घरी गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत जो धोका खरोखर उद्भवतो तो नेमका इथे आहे आणि त्यावर एकही प्रश्न जुन्या संचांत सापडला नाही.

प्रश्नातील रुग्ण असा घेतला : ५८ वर्षांचे शेतकरी, सकाळी २० युनिट मिश्र इन्सुलिन, रुग्णालयात ४० ची शिशी आणि लाल टोपणाची सिरिंज वापरून शिकवलेले. आठ दिवसांनी मुलाने शहरातून १०० ची शिशी आणली, सिरिंज मात्र घरातलीच राहिली. रुग्ण म्हणतात, "सिस्टर, मी रोजच्यासारखे विसाच्या रेषेपर्यंतच भरतो." या रुग्णाला प्रत्यक्षात किती युनिट मिळाले? लाल टोपणाच्या सिरिंजवर विसाची रेष म्हणजे अर्धा मिलिलिटर. १०० च्या शिशीतील अर्ध्या मिलिलिटरमध्ये ५० युनिट असतात, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या अडीचपट. उलट चूक झाली, म्हणजे ४० ची शिशी आणि नारिंगी सिरिंज, तर विसाच्या रेषेवर केवळ ८ युनिट जातात आणि साखर का उतरत नाही याचा शोध डॉक्टर दुसरीकडेच घेत राहतात. दोन्ही गणिते स्पष्टीकरणात पायरीपायरीने दिली आहेत.

याच प्रश्नाचा पुढचा भाग प्राधान्याचा केला. हे संभाषण बाह्यरुग्ण विभागात होत असून रुग्णाला घाम आला आहे, हात थरथरत आहेत, पण ते शुद्धीवर आहेत आणि गिळू शकतात. पर्यायांत सिरिंजबद्दल समजावून सांगणे, डॉक्टरांना कळवणे, ग्लुकोमीटरवर साखर पाहणे आणि आहारतज्ज्ञांकडे पाठवणे ठेवले. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर आधी साखर मोजायची. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास साधारण १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचे. शुद्ध हरपलेली असती तर तोंडाने काहीही द्यायचे नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज द्यावे लागेल. शिकवणे महत्त्वाचे आहे, पण साखर उतरलेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काही शिरत नाही. रुग्णशिक्षणाचा पर्याय बरोबर दिसत असूनही आधी का निवडायचा नाही, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रश्न अजून सुचलेला नाही.

१७ जून

इन्सुलिनचे उरलेले प्रश्न पूर्ण केले. दोन इन्सुलिन एकाच सिरिंजमध्ये भरताना स्वच्छ दिसणारे रेग्युलर आधी ओढायचे आणि गढूळ एनपीएच (हळू काम करणारे) नंतर, हा नियम सर्वांना पाठ असतो, म्हणून त्यावर एकच प्रश्न ठेवला. साठवणुकीवर मात्र तीन प्रश्न झाले. न उघडलेली शिशी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायची. वापरात असलेली सुमारे चार आठवडे सामान्य तापमानाला चालते. पण मे महिन्यात विदर्भातील खोलीचे तापमान पुस्तकातल्या "सामान्य तापमानात" बसत नाही. ज्या घरात फ्रिज नाही तिथे पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, कोरड्या डब्यात बंद करून शिशी ठेवणे हा मान्य उपाय आहे आणि तोच बरोबर पर्याय ठेवला. शेजाऱ्याच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा हा पर्याय विद्यार्थ्यांना मोहात पाडेल, कारण जितके थंड तितके चांगले असे वाटते. परंतु एकदा गोठलेले इन्सुलिन वितळवूनही वापरता येत नाही.

२४ जून

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचे प्रश्न. संधिवाताच्या तापानंतर झडप बिघडलेल्या तरुण स्त्रिया आपल्या वॉर्डांत नेहमी दिसतात, म्हणून रुग्ण ३४ वर्षांची, हृदयाच्या मायट्रल झडपेच्या जागी धातूची झडप बसवलेली, वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असलेली घेतली. तिचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) २.५ ते ३.५ दरम्यान हवा; केवळ अनियमित ठोक्यांसाठी किंवा पायातील गुठळीसाठी गोळी असती तर २ ते ३ पुरला असता. हा फरक जुन्या संचांत क्वचितच दिलेला असतो, आणि त्यामुळे ३.२ हा आकडा पाहून "जास्त आहे, गोळी थांबवा" असे उत्तर विद्यार्थी आत्मविश्वासाने देतात.

प्रश्न असा ठेवला : घरी जाताना रुग्णाच्या कोणत्या वाक्यावरून तिला नीट समजले असे वाटते? पहिले वाक्य, "मेथी, पालक, कोथिंबीर आता जन्मभर बंद." दुसरे, "अंग दुखले तर मेडिकलमधून डायक्लोफेनॅक घेईन, तेवढ्यासाठी इतक्या लांब यायला नको." तिसरे, "पाळी चुकली तर गोळी मनाने बंद करणार नाही, पण लगेच येऊन सांगेन." चौथे, "एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेईन." बरोबर वाक्य तिसरे. गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत वॉरफरिनमुळे गर्भात दोष निर्माण होऊ शकतो आणि गोळी अचानक सोडली तर झडपेवर गुठळी धरते. दोन्ही धोके मोठे असल्यामुळे निर्णय डॉक्टरांचा आणि तातडीचा आहे.

पहिल्या वाक्यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली, कारण वॉर्डात खुद्द परिचारिकाही पालेभाज्या बंद करायला सांगतात. खरे तर व्हिटॅमिन के रोजच्या आहारात साधारण सारखे राहणे महत्त्वाचे आहे. भाजी बंद करायला सांगितलेली बाई श्रावणात चार दिवस सलग भाजी खाते आणि आयएनआर खाली येतो. ज्या सल्ल्याचे पालन होणार नाही तो देऊ नये, हे परीक्षेच्या पलीकडचे असले तरी स्पष्टीकरणात लिहून टाकले. गावातील डॉक्टरांकडे कमरेत इंजेक्शन घेण्याआधी या गोळीची माहिती द्यावी, हेही त्यात जोडले, कारण स्नायूत रक्त साकळण्याचा धोका रुग्णाला कोणी सांगत नाही. उतारा म्हणून वॉरफरिनला व्हिटॅमिन के आणि हेपॅरिनला प्रोटामिन सल्फेट, ही जोडी एका ओळीत उरकली.

२ जुलै

आजचा दिवस "आधी कोणाकडे जाल?" या प्रकारात गेला. श्वासनलिका, श्वसन, रक्ताभिसरण हा क्रम विद्यार्थी इतक्या यांत्रिकपणे वापरतात की पर्यायांत ऑक्सिजनचा आकडा दिसला की तोच रुग्ण निवडतात. त्यामुळे मुद्दाम चार रुग्ण असे ठेवले : पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी दहापैकी सात वेदना सांगणारे; जुन्या सीओपीडीचे (फुप्फुसांतील हवेचा मार्ग अरुंद होण्याच्या दीर्घ आजाराचे), दोन लिटर ऑक्सिजनवर ९० टक्के असलेले आणि पूर्ण वाक्यांत बोलणारे; सकाळी उपाशीपोटी साखर २६० आलेले; आणि चार तासांपूर्वी थायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्या, आवाज घोगरा झालेल्या, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येणाऱ्या आणि "जरा उशी उंच करा" म्हणणाऱ्या बाई.

सीओपीडीच्या रुग्णासाठी ८८ ते ९२ टक्के हेच लक्ष्य असते, त्यामुळे त्याचा ९० हा आकडा अपेक्षित आहे. उशी मागणाऱ्या बाईंकडे आधी जायचे. मानेत रक्तस्राव होऊन श्वासनलिका दबण्याचा काळ पहिल्या काही तासांचा असतो. रक्त पाठीमागे ओघळते, म्हणून ड्रेसिंग कोरडे दिसले तरी मानेखाली हात घालून पाहावे लागते. डोक्याची बाजू उंच करायची, शल्यचिकित्सकांना तातडीने बोलवायचे आणि ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याच्या साधनांचा) ट्रे खाटेजवळ ठेवायचा. कॅल्शियम कमी होऊन तोंडाभोवती मुंग्या येणे व पेटके हा त्रास बहुधा पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो, हा वेळेचा फरक स्पष्टीकरणात ठळक केला.

दुसरा पेच "प्रथम काय कराल?" या प्रश्नाचा आहे. आधी निरीक्षण आणि मग कृती, हे शुश्रूषा प्रक्रियेतून आलेले सूत्र बरोबर आहे. पण प्रश्नातच निरीक्षण दिलेले असेल तर पुन्हा निरीक्षण करत बसायचे नसते. रक्त सुरू करून पंधरा मिनिटे झाली, रुग्णाला थंडी वाजते आहे आणि कंबर दुखते आहे, असे लिहिलेले असताना "नाडी व रक्तदाब मोजा" हा पर्याय निवडणाऱ्याच्या हातून आणखी रक्त आत जाईल. रक्त थांबवणे पहिले, मग नवीन सेट लावून नॉर्मल सलाइनने शीर चालू ठेवणे, मग मोजमापे, डॉक्टर व रक्तपेढीला कळवणे आणि पिशवी सेटसह परत पाठवणे. हा प्रश्न दोनदा येईल : एकदा लक्षणांसह, एकदा "रुग्ण अस्वस्थ वाटतो" एवढेच सांगून. दोन्हींची उत्तरे वेगळी आहेत आणि विद्यार्थ्याने ती शेजारी ठेवून वाचावीत.

५ जुलै

काम सोपवण्याचे प्रश्न जवळजवळ सगळेच वगळले. अमेरिकेत नोंदणीकृत नर्स, प्रॅक्टिकल नर्स आणि सहायक अशी उतरंड असते, ती इथे लावता येत नाही. आपल्या रात्रपाळीत बहुधा एक अधिपरिचारिका, शिकणाऱ्या मुली आणि एक कक्षसेवक असतात. कक्षसेवकाला स्थिर रुग्णाला एक्स-रेसाठी नेणे किंवा लघवीची पिशवी रिकामी करून माप सांगणे सोपवता येते. तपासणी, औषध आणि शिकवणे सोपवता येत नाही, हे तत्त्व दोन प्रश्नांत बसले. परदेशी जाणाऱ्यांसाठी एनक्लेक्स या अमेरिकी नर्सिंग परवाना परीक्षेचे प्रश्न परिशिष्टात राहतील, कारण एप्रिल २०२३ पासून त्या परीक्षेत एकाच रुग्णावर आधारलेले, उलगडत जाणारे प्रश्न आले आहेत आणि त्यांची सवय वेगळी करावी लागते.

११ जुलै

मॅग्नेशियम सल्फेट. प्रसूती विभागाच्या परिसेविका (कक्षाच्या प्रमुख परिचारिका) आज दुपारभर सोबत बसल्या, त्यामुळे हा भाग सर्वांत पक्का झाला. झटके आलेल्या गरोदर स्त्रीला सुरुवातीला शिरेतून ४ ग्रॅम आणि दोन्ही कुल्ल्यांत प्रत्येकी ५ ग्रॅम, असे एकूण १४ ग्रॅम जाते. आपल्याकडील २ मिलिलिटरच्या अँप्युलमध्ये ५० टक्के तीव्रतेचे १ ग्रॅम असते. तेव्हा शिरेसाठी चार अँप्युल म्हणजे ८ मिलिलिटर, त्यात १२ मिलिलिटर मिसळून २० टक्क्यांचे २० मिलिलिटर करायचे. विद्यार्थी हे गणित टक्क्यांवरून करू लागले की अडखळतात; अँप्युल मोजायला शिकवले की अडखळत नाहीत.

पुढचा प्रश्न वादाचा ठरला. चार तासांनंतरच्या मात्रेआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया मिळत नाही, श्वसन मिनिटाला १८ आहे, चार तासांत लघवी १२० मिलिलिटर झाली आहे. काय कराल? औषधशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांच्या मते कॅल्शियम ग्लुकोनेट लगेच द्यावे, हा पर्याय पर्यायांतच ठेवू नये, कारण अर्धे विद्यार्थी तोच निवडतील. माझ्या मते त्याच कारणासाठी तो ठेवायला हवा. प्रतिक्षिप्त क्रिया जाणे ही विषारी परिणामाची पहिली खूण आहे. श्वसन मंदावणे नंतर येते. या टप्प्यावर मात्रा रोखायची, डॉक्टरांना कळवायचे, श्वसनावर लक्ष ठेवायचे आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटचे १० मिलिलिटर हाताशी काढून ठेवायचे. उतारा माहीत असणे आणि तो केव्हा द्यायचा हे माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परीक्षक दुसरी तपासतो. पर्याय राहिला. परिसेविकांनी एक भर घातली : पाठीत भूल दिलेली असेल तर गुडघ्यावर विसंबू नये, कोपराजवळची प्रतिक्षिप्त क्रिया पाहावी.

१९ जुलै

तयार झालेला भाग विद्यार्थ्यांकडून सोडवून घेतला. औषधाची मात्रा, उतारा, दुष्परिणाम यांत फारशी अडचण आली नाही. "कोणत्या वाक्यावरून रुग्णाला आणखी शिकवण्याची गरज दिसते?" या उलट प्रश्नांत मात्र चांगले विद्यार्थीही बरोबर वाक्यालाच खूण करून मोकळे झाले. प्रत्यक्ष परीक्षेत असे प्रश्न येतात, म्हणून ते काढले नाहीत. सुरुवातीच्या काही पानांवर "आणखी शिकवण्याची गरज" हे शब्द ठळक ठेवून पुढे ठळकपणा काढून टाकायचा, असे ठरवले.

क्षयरोगाच्या एका प्रश्नात आमच्याकडूनच दोन गंभीर लक्षणे एकत्र आली होती : एक रुग्ण डोळे पिवळे झाल्याचे सांगतो, दुसरा लाल-हिरवा रंग ओळखता येत नसल्याचे. पहिले यकृताचे, दुसरे इथॅमब्युटॉल या क्षयरोगाच्या औषधाचे. दोन्ही त्याच दिवशी कळवायचे. एका प्रश्नात एकच तातडी असावी, नाहीतर विद्यार्थी न्याय करायला शिकण्याऐवजी परीक्षकाचे मन ओळखायला शिकतो. आता पिवळे डोळे, नारिंगी लघवी, सौम्य सांधेदुखी आणि मळमळ असे पर्याय आहेत. नारिंगी लघवी रिफॅम्पिसिनची, निरुपद्रवी, पण आधी सांगितली नाही तर रुग्ण रक्त समजून गोळ्या सोडतो. रिफॅम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो, यावर स्वतंत्र प्रश्न घातला.

त्याच विषयावर बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबाचा एक प्रश्न लिहिला आणि तो मला संचातील सर्वांत उपयोगी वाटतो. उपचाराचे तीन महिने झालेले, खोकला थांबलेला, दिवाळीच्या सुमारास कुटुंब कारखान्याच्या फडावर निघणार. उरलेल्या सर्व गोळ्या एकदम देणे, परत येईपर्यंत थांबायला सांगणे, खोकला नाही म्हणून पुरे म्हणणे, की क्षयरोग पथकाला कळवून निक्षयवर (क्षयरुग्णांच्या नोंदीच्या सरकारी प्रणालीवर) रुग्णाची बदली कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राकडे करून घेणे? चौथा पर्याय बरोबर. "उपचार पूर्ण करण्याचे महत्त्व समजावून सांगा" हा पुस्तकी पर्याय मुद्दाम ठेवला नाही. या रुग्णाला महत्त्व ठाऊक आहे, गोळी कुठे मिळेल ते ठाऊक नाही.

२६ जुलै

श्वासातून घ्यायच्या औषधांचे प्रश्न पूर्ण. रोटाहेलरमधील (पूड श्वासातून ओढायच्या उपकरणातील) कॅप्सूल पाण्यासोबत गिळणारे रुग्ण मेडिसिन कक्षाच्या परिसेविकांनी पाहिलेले आहेत, आणि औषध लागू पडत नाही म्हणून मात्रा वाढवण्याआधी "घरी कसे घेता ते करून दाखवा" असे म्हणणे हाच बरोबर पर्याय ठेवला. "समजले का?" या प्रश्नाला आपल्याकडचा रुग्ण मान डोलावतोच. स्टिरॉइडनंतर चूळ भरणे आणि आधी श्वासनलिका मोकळी करणारे सालब्युटॅमॉल, मग स्टिरॉइड, हे क्रमाच्या प्रश्नात आले. थायरॉक्सिनच्या (थायरॉइडच्या गोळीच्या) प्रश्नात रुग्ण पहाटे चहासोबत गोळी घेतो आणि नाश्त्यानंतर लगेच लोहाची. रिकाम्या पोटी साध्या पाण्याने, चहाआधी किमान अर्धा तास, आणि लोह-कॅल्शियम चार तासांनी.

२ ऑगस्ट

शेवटचा अडलेला प्रश्न सॉर्बिट्रेटचा, म्हणजे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या आयसोसॉर्बाइड गोळीचा होता. परदेशी संचांत नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या गडद काचेच्या मूळ बाटलीत ठेवाव्यात, यावर हमखास प्रश्न असतो. आपल्या रुग्णाच्या खिशात पट्टीतल्या आयसोसॉर्बाइडच्या गोळ्या असतात, म्हणून तो काढला. वाद होता तो गोळ्यांच्या संख्येचा. जुन्या पुस्तकांत पाच-पाच मिनिटांनी तीन गोळ्या आणि मग मदत, नव्यांत पहिल्या गोळीनंतर पाच मिनिटांत आराम नसेल तर लगेच मदत. गाडी यायला जिथे वेळ लागतो तिथे दहा मिनिटे आणखी वाट पाहण्यात काही अर्थ नाही, यावर सर्वांचे एकमत झाले. बरोबर पर्याय असा छापला जाईल : खाली बसा, एक गोळी जिभेखाली ठेवा, पाच मिनिटांत दुखणे गेले नाही तर १०८ ला फोन करा, गाडी येईपर्यंत पाच मिनिटांच्या अंतराने आणखी दोन गोळ्या घेता येतील. स्पष्टीकरणात जुने उत्तरही कारणासह दिले आहे, कारण भरतीच्या प्रश्नपत्रिकेत ते अजून येऊ शकते. सिल्डेनाफिल (लैंगिक दुर्बलतेवरील गोळी, जिच्यासोबत सॉर्बिट्रेटने रक्तदाब धोकादायकरीत्या उतरतो) घेतले आहे का, हे रुग्णाला एकट्यात विचारावे, अशी एक ओळ जोडून हा भाग अक्षरजुळणीसाठी दिला.